बिडाच्या टेबलावरची लोकर

माणूस जातो, पण त्याच्या हातचं काम अक्षय राहतं.

आप्पा, हे वाक्य माझं नाही. तुमच्या अंत्यविधीला तिघांनी भाषणं केली आणि तिघांनीही ते म्हटलं. एकानं दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा माईक बंद होता. मी छत्री धरून उभा होतो आणि त्या क्षणी मला ते पटलंही होतं. चौथ्या दिवशी सकाळी खुटबावला तुमच्या शेडमध्ये गेलो, रंधा मशीनपाशी उभा राहिलो आणि पाहिलं, तर तुमच्या हातच्या अक्षय कामावर गंज चढला होता.

सगळ्या नाही, अर्ध्याच. आणि म्हणूनच हे घाईनं लिहितोय. आप्पा, आपला वाद मिटला. आठ-नऊ वर्षं चाललेला, चहावर, बांधावर, एसटीत, एकदा तर दुसऱ्याच्या लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून चाललेला आपला वाद तुमच्या मागे चार दिवसांत मिटला आणि निकाल तुमच्या बाजूनं लागला. ही बातमी ज्याला पहिल्यांदा सांगायची तो माणूसच नाही, हे माझं सध्याचं दुःख आहे. बाकीचं दुःख आहेच, पण ते मला मांडता येत नाही. गंजाबद्दल मी बऱ्यापैकी लिहू शकतो.

वाचणाऱ्या सगळ्यांनी तुमचं मशीन पाहिलेलं नसेल, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. तुम्ही तेवढा वेळ पान खा. रंधा मशीनला दोन टेबलं असतात, एक अलीकडे, एक पलीकडे, आणि मधल्या फटीत पात्यांचा रूळ गरगरत असतो. फळी अलीकडच्या टेबलावर ठेवायची आणि पुढे ढकलायची. ती पात्यांवरून सोलून निघते आणि पलीकडच्या टेबलावर सपाट होऊन जाते. टेबलं बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. बीड वाकत नाही, थरथरत नाही, तीन पिढ्या टिकतं. फक्त दमट हवेत उघडं राहिलं की त्याला गंज धरतो. गंजलेल्या टेबलावर फळी अडते, तिला रेटावं लागतं. रेटायला खांदा लागतो. आणि तुमचा खांदा गेला होता. खरं तर सगळी गोष्ट एवढ्यात संपते, पण आपल्याला ती एवढ्यात कधीच संपवता आली नाही.

एकविसावं शतक यायला दोन-तीन वर्षं होती. वर्तमानपत्रं रोज त्याच्या स्वागताची तयारी करत होती. तुम्ही मात्र उजवा हात कानापर्यंत नेता येत नाही म्हणून डाव्या हातानं टोपी घालायला शिकत होता. दौंडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हातरंधा यापुढे मारायचा नाही. तुम्ही त्यांना विचारलं म्हणे, की मग सुतारानं सकाळी उठून काय करायचं. डॉक्टरांकडे त्याचं औषध नव्हतं.

मुळात तुम्ही सुतार कसे झालात हाच गावाला पडलेला प्रश्न. धनगराच्या घरात जन्म, आबांच्या म्हणजे तुमच्या वडिलांच्या मागे मेंढरं राखत बालपण, आणि मग दौंडला खोकी ठोकणाऱ्या एका कारखान्यात दोन वर्षं राहून तुम्ही करवत-पटाशी घेऊन परत आलात. लोक म्हणायचे, मेंढरामागं जायचं सोडून लाकडामागं लागला. तुम्ही त्यांना चौकटी, पलंग, देव्हारे करून दिलेत आणि ते म्हणायचं थांबले. आता खांदा गेल्यावर पुन्हा म्हणू लागले.

तेव्हा मी वरवंडला हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो आणि तुमच्याकडे पुस्तकांचं कपाट करायला टाकलं होतं. ते कपाट अर्धवट राहिल्यामुळे मी चौकशीला आलो आणि तुम्ही मला सायकलवरून उतरू न देता म्हणालात, चला, एक वस्तू दाखवतो. आपण दौंडला गेलो. भंगारवाल्याच्या मागच्या आवारात, एका बाभळीच्या झाडाखाली ते मशीन पडलं होतं. म्हणजे झाड मशीनच्या पायातून वर आलं होतं. टेबलांचा रंग गुळाच्या ढेपेसारखा. मी नख लावलं तर पापुद्रा निघाला. बाजूला इंग्रजी अक्षरं ओतलेली होती, त्यांतली अर्धी गंजानं खाल्लेली. मी उरलेली वाचून दाखवली आणि म्हणालो की ही वस्तू संपली आहे. तुम्ही खिळ्यानं कडेला एक रेघ ओढलीत, तिच्यावर थुंकलात, धोतरानं पुसलीत आणि म्हणालात, "मास्तर, खाली बीड निजल्यालं हाय. मेल्यालं न्हाई."

हे तुम्ही कशावरून ठरवलंत ते मला आजही माहीत नाही. पण त्या ओरखड्याच्या तळाशी करड्या धातूची एक चमक होती, ती मीही पाहिली. मी त्यापूर्वी अठरा वर्षं गंज शिकवत होतो. लोह, प्राणवायू, पाणी, फळ्यावर समीकरण, घंटा. गंज जाऊ शकतो, आणि कुणाला तो घालवायची गरज असू शकते, हा विचार वर्गात कधी आला नव्हता.

त्या मशीनसाठी तुम्ही घरातल्या शेवटच्या चौदा मेंढ्या विकल्यात. विकण्याआधी कातरल्यात, आणि घाईत असल्यामुळे नेहमीसारख्या नदीवर नेऊन धुतल्या नाहीत. ती न धुतलेली लोकर पोत्यात भरून शेडच्या माळ्यावर टाकलीत. मशीन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलं, आठ जणांनी उतरवलं. आबा खाटेवर बसून सगळं बघत होते. ते म्हणाले, "चौदा जित्या दिल्या आन् मेल्यालं लोखंड आणलं." आबांना उत्तर द्यायचं ते टेबल सपाट करूनच, हे त्या वेळी आपल्या दोघांनाही कळलं होतं. मला त्यातला धोका जरा जास्त कळला होता, कारण मी पुस्तकं वाचली होती.

माझी पुस्तकं. आप्पा, इथं मला तुमची जाहीर क्षमा मागितली पाहिजे. मी पुण्याच्या फुटपाथवरून घेतलेल्या एका जाडजूड इंग्रजी ग्रंथात विजेनं गंज काढायची कृती वाचली आणि झपाटून गेलो. मी वाचलेलं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी उपयोगी पडणार होतं. प्लॅस्टिकचा निळा पिंप, त्यात पाणी आणि धुण्याचा सोडा, हायवेवरच्या गॅरेजमधून आणलेला ट्रकच्या बॅटरीचा चार्जर. पिंपात एका बाजूला मशीनचं हातचाक तारेनं टांगलं, दुसऱ्या बाजूला भंगारातला एक पत्रा. चार्जरची एक तार चाकाला, एक पत्र्याला. वीज लावल्याबरोबर पाण्यात बुडबुडे सुटले आणि मी काकींना म्हणजे तुमच्या पत्नींना, तुमची सून मंगल हिला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना हाका मारून गोळा केलं. मी त्यांना समजावून सांगितलं की आता गंज त्या चाकावरून उठून पत्र्याकडे प्रवास करेल. सगळे आदरानं पिंपात बघत राहिले.

चार तासांनी आपण दोन्ही वस्तू बाहेर काढल्या. पत्रा काळा पडला होता, पुसला तर आरशासारखा निघाला. हातचाक मात्र होतं त्याहून लाल झालं होतं आणि कडेला कुरतडल्यासारखं दिसत होतं. मी तारा उलट जोडल्या होत्या. लाल तार पत्र्याला हवी होती.

तुम्ही तो पत्रा उन्हात धरलात, दोन्ही बाजूंनी पाहिलात आणि अतिशय गंभीरपणे म्हणालात, "पत्रा झ्याक निघाला, मास्तर. आता मशीन कवा काढायचं?"

दुसऱ्या दिवशी तारा सरळ जोडल्या. त्या दिवशीचे बुडबुडे मला अजून दिसतात. चाकाच्या प्रत्येक कोपऱ्यातून बारीक मोत्यांच्या माळा वर येत होत्या, पाण्यावर तपकिरी फेस धरत होता आणि त्या फेसाखाली काहीतरी घडत होतं. तुम्ही तंद्रीत पिंपावर वाकून विडी पेटवायला गेलात आणि मी ती तुमच्या तोंडातून हिसकावली. त्या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, तो पेटतो, एवढं मला पक्कं माहीत होतं. ज्येष्ठ माणसाच्या तोंडातली विडी ओढून घ्यायची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही विचारलंत, हे वर्गात पण सांगता का. मी म्हटलं, सांगतो, पण तिथं कुणी विडी ओढत नाही, त्यामुळे लक्षात राहत नाही.

दुपारी चाक काढलं. कोळशासारखं काळं. तुम्ही फडक्यानं एक हलका हात मारला आणि काळं निघून खाली करडं, थंड, कोवळं लोखंड दिसलं. साच्यातल्या वाळूच्या कणांचे ठसे दिसले, चाकाच्या एका आऱ्यावर कुणीतरी छिन्नीनं मारलेला आकडा दिसला. आपण दोन प्रौढ माणसं ते चाक एकमेकांच्या हातून ओढून घेत होतो. काकींनी आतून विचारलं, काय सापडलं. तुम्ही म्हणालात, "चाक."

पण टेबलं पिंपात मावणारी नव्हती. ती हातानंच काढावी लागली, आणि तो दीड महिना आठवला की मला आजही हात चोळावेसे वाटतात. आधी रॉकेल ओतून तारेचा ब्रश. मग जुन्या रंध्याचं पातं आडवं धरून खरवडणं. मग रॉकेलमध्ये बुडवलेला सपाट दगड, लांब लांब हात, कारण एका जागी घासलं तर खळगा पडतो आणि खळगा पडलेलं टेबल गंजलेल्या टेबलाहून वाईट. हे सगळं तुम्ही डाव्या हातानं केलंत. मधे एकदा काकींनी तांब्याच्या हंड्याला लावतात तशी चिंच एका कोपऱ्याला लावून पाहिली. गंज गेला, पण तळहाताएवढी जागा काळी ठिक्कर पडली ती कायमची. ती जागा काकी आल्यागेल्याला दाखवायच्या, अभिमानानं.

आणि रोज सकाळी ऊन शेडच्या दारातून आत आलं की तुमची परीक्षा. टेबलावर लोखंडी पट्टी कडेवर उभी करायची, पलीकडून ऊन येऊ द्यायचं आणि अलीकडे गुडघ्यावर बसून पट्टीखाली बघायचं. उजेडाची रेघ दिसली तर टेबल खोटं. मीही तुमच्या शेजारी बसून बघायचो. आयुष्यभर मी लोकांना ज्ञानाचा प्रकाश वगैरे शब्द वापरताना ऐकलं आहे. तुमच्या शेडमध्ये मात्र उजेड दिसला की तोंडं उतरायची. ज्या सकाळी पट्टीखाली पूर्ण अंधार दिसला, त्या सकाळी मी पहिला तास बुडवला.

पहिली फळी सागाची होती, माझ्या कपाटाची. तुम्ही ती अलीकडच्या टेबलावर ठेवलीत आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी ढकललीत. दोन बोटांनी. ती तुपावर सरकावी तशी गेली, पात्यांनी एकच लांब सूर काढला आणि पलीकडे दुसरीच फळी आली, रेषा न् रेषा मोकळी झालेली. तुम्ही ती आबांच्या खाटेपाशी नेऊन ठेवलीत. आबांनी तिच्यावरून हात फिरवला, मग उलटा फिरवला, आणि म्हणाले, "मेंढीच्या पाठीवानी लागतंय." त्यांच्याकडून याहून मोठी पदवी कुणाला मिळाल्याचं माझ्या माहितीत नाही.

खरा वाद सुरू झाला तो यानंतर. गंज काढणं ही एकदाची गोष्ट, तो येऊ न देणं ही रोजची. मी मशीनचं ऑइल लावायला सांगितलं. त्यात भुसा चिकटला, त्याचा चिखल झाला आणि देव्हाऱ्याच्या फळीवर काळे पट्टे उमटले. मग मी ग्रंथ पुन्हा उघडला आणि टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेलं मेण काढलं. ते छानच होतं. पातळ पुसायचं, सुकू द्यायचं, फडक्यानं घासायचं. पण तोवर तुम्ही माळ्यावरचं पोतं खाली घेतलं होतं. तुम्ही लोकरीचा मूठभर गोळा उन्हात तापवायचात आणि त्यानं टेबल चोळायचात. न धुतलेल्या लोकरीत मेंढीच्या अंगाचा जो चिकटपणा असतो तो तापून टेबलाला लागायचा, आणि मग फळी अशी सरकायची की विचारू नका.

मी विचारलंच. मी म्हणालो की लोकरीतल्या चरबीनं लोखंड वाचतं हे खरं आहे, पण ती चरबी थंड मुलखातल्या मेंढ्यांच्या लोकरीत भरपूर असते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, तिच्यात चरबी बेताची, पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे. तुम्ही गोळा चोळत चोळत म्हणालात, "माझ्या मेंढ्यांनी तुमचं पुस्तक वाचल्यालं न्हाई."

मला तेव्हा ते हुशारीचं उत्तर वाटलं आणि मी हरायला नको म्हणून वाद वाढवला. खूप उशिरा लक्षात आलं की तुम्ही चरबीबद्दल बोलतच नव्हता. चौदा मेंढ्या विकून तुम्ही लोखंड आणलं होतंत. त्या मेंढ्या त्या लोखंडाला राखतात, एवढंच तुम्हाला खरं व्हायला हवं होतं. आणि मी, वरवंड हायस्कूलचा विज्ञान शिक्षक, दर आठवड्याला सायकल मारत येऊन तुम्हाला सांगत होतो की ते सिद्ध झालेलं नाही.

शेवटी तुम्हीच तोडगा काढलात. अलीकडचं टेबल मास्तरांचं, त्याला मेण. पलीकडचं तुमचं, त्याला लोकर. ज्याला आधी गंज येईल तो हरला. मी खूश झालो, कारण हा शुद्ध प्रयोग होता. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही: तुम्ही दोन्ही टेबलं रोज संध्याकाळी कोरड्या फडक्यानं पुसत होता. माझ्या बाजूचंसुद्धा, तितक्याच मनापासून. त्यामुळे आठ वर्षं कुठल्याच टेबलाला गंज आला नाही आणि वाद जसाच्या तसा राहिला. तो मिटायचा तर तुमचा हात थांबायला हवा होता.

एकदाच अपवाद झाला, आणि त्यात दोन्ही टेबलं हरली. शेडचं उद्घाटन. तुम्हाला नको होतं. गावाला हवं होतं. कुणीतरी एका मोठ्या पाहुण्यांना बोलावलं, मंडप घातला, आणि पाहुण्यांची ओळख करून देणारं भाषण मी लिहिलं. मी, जो उद्घाटनांची आयुष्यभर टिंगल करत आलो. त्यात ‘ग्रामीण उद्योगाची पहाट’ असा शब्दप्रयोग होता. तुम्ही गेलात म्हणून आता कबूल करतो. पाहुण्यांनी फीत कापली, मशीनपाशी आले आणि नारळ सरळ टेबलावरच आपटला. पाणी दोन्ही टेबलांवरून वाहिलं. त्यावर हळद-कुंकू, त्यावर ओले झेंडू, त्यावर पाहुण्यांनी टेकवलेला सरबताचा पेला. तुम्ही हात जोडून उभे होता आणि तुमची नजर त्या पाण्यावरून हलत नव्हती. माझीही हलत नव्हती, पण माझ्या हातात माईक होता आणि माझी अजून दोन पानं उरली होती. पाहुण्यांसमोर टेबल पुसायला घेणं बरं दिसलं नसतं. मी वाचत राहिलो.

मंडळी गेल्यावर आपण झेंडू उचलले. खाली माळेच्या आकाराचा नारिंगी गंज उमटला होता, फूल न् फूल. तुम्ही रॉकेलचं फडकं हातात घेतलंत आणि विचारलंत, "भाषान कुणी लिव्हल्यालं?"

मी म्हटलं, मी.

"लई लांबलं," एवढंच म्हणालात आणि घासायला लागलात.

पुढच्या खंडेनवमीपासून तुमची पूजा कोरडी झाली. इतर कारागीर हत्यारांवर पाणी शिंपडत, नारळ फोडत. तुम्ही टेबलांवर आबांची घोंगडी अंथरायचात, तिच्यावर पानं, सुकं कुंकू आणि खोबऱ्याची वाटी. भटजी पहिल्या वर्षी कुरकुरले. तुम्ही त्यांना हात जोडून सांगितलंत की देवाला पाणी चालतं, बिडाला चालत नाही, आणि राहायला देव बिडात आलाय. मी कुठल्याच पूजेला श्रद्धेनं बसणारा माणूस नाही, पण त्या पूजेला मी दरवर्षी यायचो. त्यात कुणालाही इजा होत नव्हती. वरवंडच्या दोन वर्कशॉपमध्ये आता अशीच पूजा होते. त्यांना ती जुनी प्रथा वाटते.

आता जे सांगायचं राहिलं ते. दौंडच्या दवाखान्यात तुम्ही नऊ दिवस होता. काकी आणि मंगल, जी शेवटची दोन वर्षं तुमच्याबरोबर मशीनवर उभी राहत होती, दोघीही तिथंच. शेडची किल्ली तुम्ही माझ्याकडे दिली होतीत. पाऊस लागून राहिला होता. शाळेत तपासणी होती, सायकल पंक्चर होती, माझ्याकडे कारणं भरपूर होती. मी एकदाही शेडमध्ये गेलो नाही. आठव्या दिवशी मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही डोळे न उघडताच विचारलंत, "टेबल पुसलं का, मास्तर?"

मी म्हटलं, "पुसलं."

"दोन्ही?"

"दोन्ही, आप्पा."

तुम्ही मान हलवलीत. तो आपला शेवटचा संवाद. मी उद्या जाऊन दोन्ही पुसणार होतो, आणि मग ते खोटं राहिलं नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. मग सुतक, मशीनला कुणी हात लावायचा नाही. पावसातून येणारे पाहुणे शेडमध्ये बसवले होते. चौथ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, मी चोरासारखा आत गेलो. माझं मेणाचं टेबल आंब्याच्या रसाच्या रंगाचं झालं होतं. पलीकडचं, तुमचं, करडं आणि स्वच्छ. मी बोट फिरवलं. बोट सरकलं. बोटाला मेंढीचा वास आला.

आप्पा, मी तिथं मोठ्यानं हसलो. सुतकातल्या घरात. तेरा दिवस न पुसता, झडीच्या पावसात, तुमच्या चौदा मेंढ्यांनी ते टेबल राखलं होतं, आणि माझं खोटं अर्धं झाकलं होतं. तुम्ही बरोबर होता. हे मी तुम्हाला आठ वर्षांपूर्वी म्हणू शकलो असतो. माझ्या प्रतिष्ठेला फार तर एक ओरखडा आला असता, आणि ओरखड्याखाली काय असतं ते तुम्हीच मला दौंडला दाखवलं होतंत. तुम्ही बरोबर होता. पुस्तक चूक होतं, किंवा मी ते चुकीचं वाचलं होतं, किंवा खरंच तुमच्या मेंढ्यांनी ते वाचलेलं नव्हतं.

इथपर्यंत दशक्रियेच्या आदल्या दिवशी लिहून झालं. दशक्रियेनंतर दोन दिवसांनी मी ते मंगलला वाचून दाखवायला शेडमध्ये गेलो. तिनं मशीनखालचा भुसा पोत्यात भरता भरता सगळं ऐकलं. भाषणाच्या जागी हसली, दवाखान्याच्या जागी भुसा भरायची थांबली. माझं वाचून झाल्यावर तिनं पोत्याचं तोंड बांधलं. मग म्हणाली, "मास्तर, अलीकडच्या टेबलावर आमी पाव्हण्यांचे चहाचे पेले धुऊन उपडे घालत हुतो. तीन दीस. पलीकडं हात पुरत न्हवता."

मी विचारलं, त्याआधी, दवाखान्यातून आल्या आल्या, माझ्या टेबलाला गंज होता का?

"कुणी बघितलं तवा?"

म्हणजे प्रयोग फुकट. मी तिला समजावलं की आता दोन्ही टेबलं पुन्हा साफ करू, एकाला मेण, एकाला लोकर, कुणीही हात लावायचा नाही, पेले तर नाहीच, आणि पंधरा दिवसांनी बघू. ती म्हणाली की अलीकडचा गंज तिनं कालच दगडानं काढला, आणि दोन्ही टेबलांना लोकरच चोळली, कारण मेणाचा डबा कुठं ठेवलाय ते फक्त मामांना, म्हणजे तुम्हाला, माहीत होतं. शिवाय पंधरा दिवस मशीन बंद ठेवता येणार नाही. सोमवारी माल द्यायचा आहे.

मी वरचं काहीही खोडलेलं नाही. तुम्ही बरोबर होता, हे वाक्यही राहू दिलं आहे. पुरावा नसला तरी ते मला म्हणायचं होतं, आणि आता म्हणून झालं आहे. रविवारी मंगलनं मशीन चालू केलं. फळ्या दोन बोटांनी सरकल्या, मी शेजारी उभा राहून पाहिल्या. सोमवारी माल गेला. आमच्या शाळेच्या संडासाची तीन दारं.